घरासाठी नवी हॅचबॅक: इंजिन कसं निवडायचं आणि ऑन-रोड किंमत कशी तपासायची

शोरूममध्ये पाय ठेवला की आधी रंग दाखवतात, मग स्क्रीन, मग सनरूफ. पेट्रोल घ्यायचं की सीएनजी हा प्रश्न शेवटी येतो, तेव्हा गाडी मनाने घेऊन झालेली असते. हा क्रम उलटा करा. सात-आठ वर्षं पैसे खाणार किंवा वाचवणार ते इंजिन आणि गिअरबॉक्स. स्क्रीन कोणतीही असली तरी महिनाभरात तिची सवय होते.

घरातून निघण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा. महिन्याला गाडी किती किलोमीटर पळणार? त्यातले सिग्नल आणि गर्दीतले किती, हायवेचे किती? वर्षातून किती वेळा पाच माणसं आणि भरलेली डिक्की घेऊन घाट चढायचा आहे? आणि रोजच्या वाटेवर सीएनजी पंप आहे का, असेल तर तिथे रांग किती लागते? किलोमीटरचा आकडा अंदाजाने लिहू नका. जुन्या गाडीच्या सर्व्हिसच्या पावत्यांवर तारीख आणि रीडिंग दोन्ही असतं, त्यावरून काढा. बहुतेक घरांत हा आकडा समजुतीपेक्षा कमी निघतो, आणि तिथेच निम्मा निर्णय होऊन जातो.

साधं पेट्रोल

महिन्याला सात-आठशे किलोमीटरच्या आत वापर असेल तर १.२ लिटरचं साधं, म्हणजे बिनटर्बो पेट्रोल घ्या. स्विफ्ट, बलेनो, ग्लांझा, आय२०, अल्ट्रोज या सगळ्यांचं मूळ इंजिन याच मापाचं आहे. ताकदीचे आकडेही जवळजवळ सारखे: ८२ ते ९० पीएस, टॉर्क म्हणजे ओढ ११२ ते ११५ न्यूटन मीटर. फरक आहे तो सिलिंडरच्या संख्येत. मे २०२४ मध्ये आलेल्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरच्या जागी तीन सिलिंडरचं इंजिन आलं. अल्ट्रोजचं पेट्रोलही तीन सिलिंडरचंच आहे. बलेनो, ग्लांझा आणि आय२०चं १.२ इंजिन मात्र चार सिलिंडरचं.

तीन सिलिंडरमध्ये घर्षण कमी, म्हणून एव्हरेज थोडं जास्त. कंपनीच्या चाचणीत मॅन्युअल स्विफ्टला लिटरमागे २४.८० किमी मिळतात, मॅन्युअल बलेनोला २२.३५. त्याची किंमत थरथरीत मोजावी लागते. गाडी उभी ठेवा, एसी पूर्ण लावा आणि तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवा. कॉम्प्रेसर सुरू होताना दांड्यात जी कापरी येते तिच्यासोबत रोज सिग्नलला बसायचं आहे. काहींना ती जाणवतही नाही. घरात पाठदुखीचं माणूस असेल तर त्यालाच त्या सीटवर बसवून विचारा.

चाचणीचं एव्हरेज रस्त्यावर मिळत नाही. पुणे-मुंबईच्या गर्दीत एसी लावून १३ ते १५, हायवेला ८०-९० च्या वेगाने १८ ते २० हा धरून चालण्यासारखा आकडा आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, त्यामुळे एव्हरेज थोडं उतरणारच. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या इंधनाला धरून बनवलेले आहेत, तेव्हा नव्या गाडीला ती भीती नको.

सीएनजी: हिशेब किलोमीटरचा, त्रास डिक्कीचा

हिशेबासाठी पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ८५ रुपये किलो धरू. तुमच्या गावचे दर घालून आकडे बदलून घ्या. शहरात पेट्रोलवर १५ आणि सीएनजीवर किलोमागे २२ किमी मिळाले, तर पेट्रोलचा किलोमीटर पडतो ६ रुपये ९३ पैशांना आणि सीएनजीचा ३ रुपये ८६ पैशांना. दर किलोमीटरला तीन रुपये सात पैसे वाचले.

आता किंमत. त्याच व्हेरिएंटची सीएनजी गाडी साधारण ९० हजारांनी महाग असते. पण महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, तर सीएनजीला जुलै २०२५ मध्ये एक टक्का वाढवूनही ८ टक्केच. साडेसात लाखांच्या पेट्रोल गाडीला ८२,५०० रुपये टॅक्स, तर ८ लाख ४० हजारांच्या सीएनजीला ६७,२००. पंधरा हजार इथेच परत आले. खरा फरक उरला ७५ हजारांच्या आसपास, आणि तो २४-२५ हजार किलोमीटरमध्ये भरून निघतो. महिन्याला हजार किमी असतील तर दोन वर्षांत, पाचशे असतील तर चार वर्षांत. टॅक्समधली ही बचत बरेच सेल्समन सांगत नाहीत आणि बरेच ग्राहक विचारतही नाहीत.

आता दुसरी बाजू. वायू असल्यामुळे सीएनजी हवेबरोबर आत येताना हवेचीच जागा खातो. सिलिंडरमध्ये हवा कमी, म्हणजे ज्वलन कमी, म्हणजे ताकद कमी. बलेनो पेट्रोलवर ९० पीएसची, गॅसवर साडेसत्त्याहत्तरची. स्विफ्ट ८२ वरून ७० वर येते. एकटा माणूस शहरात चालवताना हे कळतही नाही. पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन खंबाटकी किंवा कसारा चढताना मात्र तिसऱ्या गिअरमध्ये गाडीचा दम जातो आणि दुसरा टाकावा लागतो. ट्रकला ओव्हरटेक करायचा असेल तर आधीच पेट्रोलच्या बटणावर या. अर्ध्या ओव्हरटेकमध्ये बटण शोधू नका.

डिक्कीचा प्रश्न कंपनीनुसार वेगळा आहे. मारुती आणि टोयोटामध्ये एकच मोठी टाकी मागे असते. तिच्यापुढे दोन मऊ बॅगा बसतात, सूटकेस बसत नाही. अल्ट्रोज आणि ग्रँड आय१० निओसमध्ये दोन छोट्या टाक्या तळाशी आडव्या बसवतात. अल्ट्रोजची ३४५ लिटरची डिक्की सीएनजीत २१० लिटरवर येते, पण ती सपाट राहते आणि वापरता येते. वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्या कुटुंबाने हा फरक शोरूममध्ये स्वतःची बॅग नेऊन, ती ठेवून बघावा. कमीपणा वाटण्यासारखं त्यात काही नाही.

बाहेरून किट बसवण्याचा सल्ला मिळेल, कारण त्यात तीस-चाळीस हजार वाचल्यासारखे दिसतात. नव्या गाडीला तो आम्ही देणार नाही. इंजिनची वॉरंटी अडकते, आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते, इन्शुरन्सला वेगळं कळवावं लागतं, आणि स्प्रिंगा मूळ वजनाच्याच राहिल्यामुळे मागची बाजू बसते. कंपनीच्या सीएनजी गाडीत सस्पेन्शन त्या वजनासाठी बदललेलं असतं.

सीएनजी घेतलीच तर दोन सवयी लावा. पेट्रोलची टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. टाकी कोरडी ठेवली की तो जळतो आणि गॅस संपलेल्या दिवशी गाडी रस्त्यात उभी राहते. दुसरं, आठवड्याला दहा-पंधरा किमी पेट्रोलवर चालवा म्हणजे इंजेक्टर सुकत नाहीत. स्पार्क प्लग पेट्रोल गाडीपेक्षा लवकर झिजतात. चढावर धक्के बसायला लागले की आधी प्लग आणि गॅसचा फिल्टर बघायला सांगा, इंजेक्टर बदलण्याच्या गोष्टी नंतर.

टर्बो आणि डिझेल

टर्बो पेट्रोल हवं असेल तर आय२० एन लाइनमध्ये एक लिटरचं १२० पीएस, १७२ न्यूटन मीटरचं इंजिन आहे. घाटात याची मजा वेगळीच. दीड हजार आरपीएमपासून ओढ लागते आणि गिअर खाली घ्यावा लागत नाही. पण गर्दीत एव्हरेज साध्या १.२ पेक्षा कमी, आणि ऑइल बदलायला उशीर चालत नाही, कारण तेच ऑइल टर्बोचं बेअरिंग थंड ठेवतं. लांबच्या दौडीनंतर बंद करण्याआधी अर्धा मिनिट इंजिन चालू ठेवा. एक फायदा फार कमी लोकांच्या लक्षात येतो. इंजिन ९९८ सीसीचं असल्यामुळे तीन वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स ६,५२१ रुपयांत येतो. १.२ लिटरच्या गाड्यांना तोच १०,६४० पडतो.

डिझेल हॅचबॅक आता एकच उरली आहे. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल सोडलं, २०२३ मध्ये आय२०चंही गेलं. अल्ट्रोजचं दीड लिटरचं, ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटरचं इंजिन भरल्या गाडीला घाटात सगळ्यात समाधानी ठेवतं, यात शंका नाही. पण किमतीतला सव्वा लाखाचा फरक आणि ११ ऐवजी १३ टक्के टॅक्स धरला, डिझेल ९० रुपये आणि एव्हरेज १९ मानलं, तर जास्तीचे पैसे वसूल व्हायला सत्तर हजार किलोमीटर लागतात. त्यात डीपीएफ आहे. सायलेन्सरच्या वाटेतली ही जाळी काजळी अडवते आणि गरम झाली की ती जाळून टाकते. रोज तीन-चार किमी शाळा-बाजार केला तर ती गरमच होत नाही, भरत जाते, दिवा लागतो आणि गाडीची ताकद तोडली जाते. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं हायवेवर साठच्या वर चालवणं होणार नसेल तर डिझेल घेऊ नका. सोलापूर-पुणे किंवा नांदेड-संभाजीनगर अशी नियमित ये-जा असणाऱ्याला मात्र ही गाडी जरूर सुचवू.

ऑटोमॅटिक घेताना

‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायचं काम मोटर करते. स्वस्त, एव्हरेजला चांगली, पण गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मान पुढे जाते. गिअर पडायच्या वेळी पाय किंचित सैल केला की झटका कमी होतो. आय२०च्या १.२ मध्ये सीव्हीटी, म्हणजे ठरावीक पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स आहे. तिला झटका अजिबात नाही, पण पाय दाबला की आधी आवाज वाढतो आणि वेग मागून येतो. आय२० एन लाइनची डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, कोरड्या क्लचची आहे. तासभर मुंगीच्या चालीच्या ट्रॅफिकमध्ये ती तापते. अल्ट्रोजची डीसीए (टाटाची डीसीटी) ऑइलमध्ये भिजलेल्या क्लचची आहे, गर्दीला ती जास्त टिकाऊ रचना. सिट्रोएन सी३च्या टर्बोमध्ये जुना भरवशाचा, क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर मिळतो. गर्दी आणि चढ दोन्ही रोजचे असतील तर आमची पसंती त्यालाच, मात्र जवळ सर्व्हिस सेंटर आहे का हे आधी बघा.

एएमटी किंवा डीसीटी चढावर ॲक्सिलरेटरच्या आधारे धरून ठेवू नका, क्लच प्लेट जळते. ब्रेकवर थांबा. हिल होल्ड (चढावर ब्रेक धरून ठेवणारी सोय) असलं तरी ते साधारण दोन सेकंद धरतं, मग गाडी मागे सरकायला लागते.

टेस्ट ड्राइव्ह

सेल्समनची ठरलेली एक फेरी म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नाही. जे इंधन आणि जो गिअरबॉक्स घ्यायचा तोच मागा. सीएनजी घेणार असाल आणि ‘पेट्रोलची चालवून बघा, सेमच आहे’ म्हणाले तर दुसऱ्या दिवशी या. घरची चार माणसं बसवा, एसी पूर्ण लावा. एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर मधोमध थांबा आणि पुन्हा उचला. मग तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने चढ घ्या. इंजिन ठोकायला लागलं किंवा दुसरा टाकावा लागला तर घाटात काय होईल ते तिथेच कळतं. शेवटी मागे बसून खराब रस्त्यावरून एक फेरी घ्या. आजी-आजोबांना स्वतःहून बसू-उतरू द्या. सीट किती खाली आहे हे कॅटलॉगमध्ये कळत नाही.

किंमत: कोटेशन ओळीओळीने वाचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी, तसंच १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी २८ टक्के आणि वर उपकर होता. एक्स-शोरूम किमती सुमारे साडेआठ टक्क्यांनी उतरल्या. त्या वेळी स्विफ्ट ५.७९ लाखांपासून, बलेनो सहा लाखांपासून, अल्ट्रोज ६.३० आणि आय२० ६.८७ लाखांपासून सुरू झाली. पण हे सगळे तळाचे व्हेरिएंट. कुटुंबासाठी घ्यावासा वाटणारा मधला व्हेरिएंट दीड-दोन लाखांनी वर असतो. ॲपवर जुन्या तारखेची किंमत बघून आलात तर तिच्यावर घासाघीस करू नका. त्या दिवसाची छापील यादी मागा.

साडेसात लाखांच्या पेट्रोल गाडीचं कोटेशन साधारण असं दिसायला हवं. रोड टॅक्स ११ टक्क्यांनी ८२,५०० आणि त्या करावर २ टक्के रस्ता सुरक्षा उपकर, म्हणजे १,६५०. नोंदणी ६००, स्मार्ट कार्ड २००, लोन असेल तर बँकेचा बोजा चढवायचे १,५००. इन्शुरन्स: थर्ड पार्टीचे ठरलेले १०,६४०, पहिल्या वर्षाचं स्वतःच्या गाडीचं कव्हर आणि त्यावर जीएसटी, मिळून तीस ते छत्तीस हजार. फास्टॅग पाच-सहाशे. एकूण पावणेनऊ लाखांच्या आत बसलं पाहिजे. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला इन्कम टॅक्स) लागतो, पण तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता होतो, खर्च समजू नका. फर्मच्या नावावर गाडी घेतली तर रोड टॅक्स थेट २० टक्के होतो. ‘जीएसटीत बघून घेऊ’ असं म्हणण्याआधी हा आकडा मांडा.

या ओळींपलीकडे जे दिसेल त्यावर बोट ठेवा. ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक्स’, ‘डेपो चार्ज’ हे सरकारी आकार नाहीत. काढायला सांगा, आणि नाही काढले तर पावतीवर तेच नाव लिहून मागा. बहुतेक वेळा ओळ तिथेच गायब होते. ‘बेसिक किट’ म्हणून पंधरा-वीस हजारांच्या ॲक्सेसरीज जोडलेल्या असतात. त्यातले मॅट आणि मडफ्लॅप ठेवा, बाकी नंतर बघता येतं. नंबर प्लेटचे वेगळे पैसे देऊ नका, ती गाडीबरोबरच येते.

इन्शुरन्स शोरूमचाच घेतला पाहिजे असा नियम नाही. बाहेरून दोन कोटेशन आणा, त्यात आयडीव्ही (इन्शुरन्सने धरलेली गाडीची किंमत) आणि ॲड-ऑन (जोडीची जादा कव्हर) सारखेच ठेवा आणि मग तुलना करा. नाहीतर आयडीव्ही कमी करून प्रीमियम स्वस्त दाखवला जातो. झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) घ्याच. मुंबई, ठाणे, पनवेल, सांगली-कोल्हापूर अशा पाणी भरणाऱ्या भागात असाल तर इंजिन प्रोटेक्टही घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत हा खर्च बसत नाही.

डिस्काउंट विचारताना कॅश, एक्सचेंज आणि कॉर्पोरेट तिन्ही वेगवेगळे लिहून घ्या. एक्सचेंजमध्ये बोनस जास्त आणि जुन्या गाडीचा भाव कमी धरून बेरीज तीच ठेवलेली असते. जुन्या गाडीचा भाव आधी बाहेर काढून या. बुकिंगला सगळ्यात चांगला काळ पितृपंधरवडा. शोरूम रिकामं असतं, सेल्समनला वेळ असतो, टेस्ट ड्राइव्ह निवांत होते. बुकिंग तेव्हा करा आणि डिलिव्हरी घटस्थापना-दसऱ्याला घ्या. डिसेंबरची सूट मोठी दिसते, पण आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं आणि विकताना गाडी त्या वर्षाचीच धरतात.

लोनमध्ये हप्त्याच्या आकड्याकडे बघून मुदत वाढवू नका. सात लाखांना ९ टक्क्यांनी पाच वर्षांत सुमारे १४,५३० चा हप्ता आणि १ लाख ७२ हजार व्याज जातं. सात वर्षं केली तर हप्ता ११,२६० होतो आणि व्याज २ लाख ४६ हजार. सीएनजीसाठी मोजलेला पाऊण लाख जेवढा, तेवढेच पैसे दोन वर्षं मुदत वाढवल्याने गेले.

पासिंगच्या आधी गाडी बघा

आरटीओची नोंदणी झाली की गाडी तुमची, मग ओरखडा सापडला तरी बदलून मिळत नाही. म्हणून पूर्ण पैसे भरण्याआधी आणि नोंदणीआधी दिवसाच्या उजेडात यार्डात जा. चासी नंबर लिहून घ्या आणि विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१ वरचा नंबर आणि उत्पादनाचा महिना जुळवा. टायरच्या कडेवर चार अंकी शिक्का असतो: ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. स्टेपनीसह पाचही बघा. सगळ्या काचांवरचा छाप सारखा हवा. एकच वेगळी निघाली तर ती बदललेली आहे. दरवाजे उघडून बिजागऱ्यांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का बघा, बॉनेटचेही. रंगाचा फरक बघायला पत्र्याकडे तिरक्या नजरेने, कडेच्या रेषेत पाहायचं. ओडोमीटर शंभरच्या पुढे गेला असेल तर कारण विचारा. सीएनजी असेल तर टाकीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडा. टाकीची प्रेशर टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते, ती तारीख त्याच दिवशी फोनमध्ये टाकून ठेवा.

मुहूर्ताच्या दिवशी एका शोरूममधून पन्नास गाड्या निघतात, तेव्हा हे काही होत नाही. तपासणी दोन दिवस आधी उरकून घ्या, मुहूर्ताला फक्त नारळ फोडायचा राहू द्या.

पहिले हजार किमी एकाच वेगाने लांब पळवू नका, वेग कमी-जास्त होऊ द्या आणि गिअर खेचू नका. पहिल्या सर्व्हिसला ऑइलची ग्रेड मॅन्युअलशी जुळवा. मारुतीच्या नव्या १.२ इंजिनांना ०डब्ल्यू-१६ सारखं पातळ ऑइल लागतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये जाड २०डब्ल्यू-४० ओतलं तर सकाळी स्टार्टला इंजिन जड वाटतं आणि एव्हरेज खाली येतं. एव्हरेज मोजायचं तर पाच हजार किमीनंतर, त्याच पंपावर फुल टू फुल भरून, तीन टाक्यांची सरासरी काढा. स्क्रीनवरचा आकडा बहुधा थोडा जास्त दाखवतो.